खाली अजून एक आहे

आमच्या घरी पाहुणे आले की त्यांचे कोट पलंगावर टाकायचे नाहीत, असा नियम आहे. हिवाळ्यात न्युरेम्बर्गमधल्या मराठी घरात जेवण म्हणजे बारा-पंधरा माणसं आणि तेवढेच जाडजूड कोट. सगळीकडे ते झोपायच्या खोलीतल्या पलंगावर रचले जातात. आमच्याकडे मात्र दारामागच्या खुंट्या, त्या भरल्या की खुर्च्यांच्या पाठी, आणि त्याही संपल्या तर मी स्वतः कोट हातात धरून उभा राहीन, पण पलंगावर नाही. मित्र हसतात. सुजाता, म्हणजे माझी बायको, हसत नाही, कारण नियम तिनेच केलेला आहे. आणि तो झाला हेर डॉब्स, म्हणजे श्रीयुत डॉब्स, यांच्यामुळे.

दोन हजार अकराच्या आसपास आम्ही इथे आलो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी एका यंत्रांच्या कंपनीत. घर मिळालं ते लाकडी जिन्याच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर डावीकडे हेर डॉब्स राहायचे. सामान लागल्यावर आम्ही बुद्धवंदना आणि जेवण ठेवलं, आणि इमारतीतल्या सगळ्यांनाच बोलावून टाकलं. आवाज होणार हे उघड होतं, आणि जेवायला बोलावलेला माणूस सहसा हाउसफेर्वाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाकडे, तक्रार करत नाही, असा माझा साधा हिशेब. सगळ्यांनी शुभेच्छांची कार्डं दाराखालून सरकवली. प्रत्यक्ष आले एकटे डॉब्स.

पंच्याऐंशीच्या घरातला उंच माणूस. पांढरे केस मानेपर्यंत वाढवलेले, कानांवर दाट आलेले. बाहेर बर्फ पडत असताना अंगात नुसता सदरा, आणि कोट हातावर. मी म्हणालो, "कोट आत ठेवा, त्या खोलीत." ते आत गेले ते बाहेर येईनात. म्हाताऱ्या माणसाला काही झालं की काय म्हणून मी बघायला गेलो. डॉब्स दिवा न लावता पलंगापाशी उभे होते आणि ढिगातला एकेक कोट उचलून, नीट घडी घालून जमिनीवर ठेवत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"उंटन लिग्ट नोख आइनर," ते म्हणाले. खाली अजून एक आहे.

म्हातारा भ्रमिष्ट दिसतो, असं मनात म्हणत मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात त्यांनी शेवटचा कोट उचलला. खाली आमच्या मैत्रिणीची, मनीषाची तन्वी होती, चार महिन्यांची. आल्या आल्या मनीषाने तिला पलंगावर झोपवलं होतं आणि सुजाताला सांगून ठेवलं होतं. सुजाता फोडणीच्या गडबडीत विसरली. नंतरचे पाहुणे येत गेले आणि अंधारात कोट टाकत गेले. पोरीचं तोंड लालबुंद झालं होतं, केस घामाने कपाळाला चिकटले होते. डॉब्सनी तिला उचलून उभं धरलं, पाठीवर तळवा ठेवला, आणि मग ती रडली. मनीषा तिला छातीशी घेऊन पॅसेजमध्ये खाली जमिनीवरच बसली.

पुढे डॉब्स निघताना मी जिन्यापर्यंत गेलो. विचारलं, "तुम्हाला तिचा आवाज आला का?"

"नाही," डॉब्स म्हणाले. "आवाज येतो तोवर काळजी नसते."

या वाक्याने माझी त्या दिवशीची झोप गेली. एरवी वेड्यात काढून मोकळं होता आलं असतं, पण आमच्याच घरात पहिल्याच भेटीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. तेव्हापासून मी त्या माणसाला हसू शकलो नाही.

आणि हसण्यासारखं पुष्कळ होतं. डॉब्स कुठलाही ढीग सरळ ओलांडून जात नसत. शरद ऋतूत नगरपालिकेचे लोक फुटपाथवर पानांचे ढिगारे लावून ठेवतात, त्यापाशी थांबायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कुणी जुन्या गाद्या एकावर एक टाकल्या तर ते त्या उभ्या करून ठेवायचे. इमारतीतल्या फ्राउ केलर्ट त्यावरून भांडायच्या आणि ते शांतपणे म्हणायचे, "आल्झो, असं आहे की मला खाली बघणं भाग होतं." स्वतःच्या अंगावर त्यांना वजन सोसत नसे. खिशात किल्लीसुद्धा नाही, ती दोऱ्याने पट्ट्याला बांधलेली. झोपताना एक चादर आणि हीटिंग पूर्ण सोडलेलं. गॅसचं बिल बघून सुजाता म्हणायची, या पैशांत माणूस दर वर्षी गावी जाऊन येईल. पण गावी त्यांचं कुणी नव्हतं. अमेरिकेच्या डोंगराळ कोळशाच्या मुलखातले ते. सैन्यातून इथल्या छावणीत आले, हानेलोरे नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिले. हानेलोरे बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार बुचकळ्यात टाकायची. अमेरिकन फुटबॉल हा त्यांचा विषय, म्हणजे तो हातात चेंडू घेऊन धावायचा, आपला पायाने खेळायचा नव्हे. त्याविषयी बोलताना ते म्हणायचे, "आम्ही डोक्याला काही घालत नव्हतो. केस वाढवायचो, तेवढाच मार कमी. नाकावर रबराची ढाल, ती दातांत धरायची. विजारीला कातड्याच्या मुठी शिवलेल्या असायच्या, बॅगेला असतात तशा. आपला धावणारा अडकला की त्याला त्या मुठींना धरून पुढे ओढायचं." मी कुतूहलाने कंपनीतल्या एका अमेरिकन सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, खेळ नवा होता तेव्हाचं. नंतर इतकी पोरं मेली की नियमच बदलावे लागले.

मी डॉब्सना सरळच विचारलं. "तुम्ही म्हणता ते तुमच्या जन्माआधीचं आहे."

"जा, गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे हो, अगदी बरोबर. "खेळले ते माझे वडील. पण त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की सांगताना मला वेगळं राहता येत नाही." यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

नदीच्या पलीकडे एका हौशी क्लबचं मैदान आहे. डॉब्सनी तिथे एके काळी पोरांना शिकवलं होतं, आणि आता शनिवारी सराव बघायला जायचे. एकदा मी सोबत गेलो. या खेळात चेंडूवाला पकडला गेला की त्याच्यावर पाच-सहा जणांचा ढीग होतो. ढीग झाला की डॉब्स रेषेवरून आत चालत जायचे. पोरं एकेक करून उठायची, पण पुढचा डाव मांडायची नाहीत. गुडघ्यावर बसून राहायची. डॉब्स सगळ्यात खालच्याला हात देऊन उठवायचे, मोकळ्या गवताकडे बघायचे आणि म्हणायचे, "लेअर." म्हणजे रिकामं. मग खेळ पुढे. शिट्टी कुणाच्याही गळ्यात असो, या क्लबात खेळ सुरू व्हायचा तो या शब्दाने. नव्या पोरांना ती रीत जुनी पोरं शिकवायची, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी म्युनिककडून एक संघ मैत्रीचा सामना खेळायला आला होता. त्यांचा कप्तान धिप्पाड, जरा तोंडाळ. दोन-तीनदा त्याने हे सहन केलं, मग म्हणाला, "आजोबांना कुणीतरी खुर्ची द्या." मैदानाच्या मध्यावर मोठा ढीग झाला, सगळे उठले, शेवटचा उठला, आणि डॉब्स काही बोलेनात. गवताकडे बघत राहिले. "नोख आइनर," ते म्हणाले. अजून एक.

तिथे कुणी नव्हतं. मी स्वतः बघितलं. दाबलं गेलेलं गवत होतं, ओली माती होती. पण क्लबची सगळी पोरं गुडघ्यावरच राहिली, कुणी हलेना. कप्तान आधी हसला. मग त्याने खाली बघितलं, आणखी थोडं निरखून बघितलं, आणि हसायचा थांबला. थोड्या वेळाने डॉब्स वळून रेषेबाहेर आले, शब्द न म्हणताच. खेळ कसाबसा सुरू झाला. पण उरलेला सगळा वेळ दोन्ही संघ त्या जागेला वळसा घालून खेळले, आणि तो कप्तान सगळ्यांत लांबून जात होता. घरी येताना ट्राममध्ये मी काही विचारलं नाही. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती.

हे सगळं उलगडलं ते कबड्डीमुळे. एका रविवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो. ते बारमाही लेबकुखन ठेवायचे, नाताळची ती मसालेदार बिस्किटं, दगडासारखी झालेली. बोलता बोलता मी म्हणालो की ढिगाचा खेळ आमच्याकडेही आहे. नांदेडला आमच्या मंडळाच्या संघात मी चढाईला जायचो. पलीकडच्या अंगणात जायचं ते एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत. पकडलं, अंगावर सहा जण पडले, तरी म्हणणं चालू ठेवायचं आणि रेषेकडे हात ताणायचा.

डॉब्सनी कप खाली ठेवला. "ढिगाखालून ऐकू येतं?"

"पंच वाकून कान देतो."

"आणि म्हणणं थांबलं की?"

"बाद. सगळे उठतात."

"लगेच?"

"लगेच," मी म्हणालो.

"चांगला खेळ आहे," ते म्हणाले. मग वडिलांची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा 'आम्ही' न म्हणता, 'वडील' असं म्हणत सांगितली.

डॉब्सचे वडील शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने दांडगा. डोंगरातल्या एका लहानशा कॉलेजात शिकायला गेला, खरं म्हणजे खेळायला. त्या काळच्या नियमाने चेंडूवाला पकडला गेला तरी खेळ आपोआप थांबत नसे. पकडलेल्याने स्वतः 'डाउन' असं म्हणायचं, म्हणजे सोडा, मी थांबलो. तो शब्द ऐकला की सगळ्यांनी उठायचं. तोवर त्याला एका बाजूने ओढायचं, दुसऱ्या बाजूने रेटायचं. एका सामन्यात शेवटच्या रेषेपाशी पलीकडचा धावणारा पडला. तांबड्या केसांचा, किडकिडीत. डॉब्सच्या वडिलांनी त्याच्या कंबरेला मिठी घातली होती. वरून सगळे पडले. वडिलांचा कान त्या मुलाच्या छातीवर दाबला गेला होता. त्याने शब्द म्हटला. श्वासाएवढाच निघाला तो, आणि तो फक्त एकाच माणसाला ऐकू आला.

"त्यांनी ओरडून सांगितलं असतं की हा म्हणाला, तर सगळे उठले असते," डॉब्स म्हणाले. "पण चेंडू रेषेच्या जवळ होता. अजून जरा मागे रेटता आला असता. म्हणून गप्प राहिले. जरासाच वेळ."

सगळे उठले, तो उठला नाही. सामना मात्र जिंकला. वडिलांना कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं, आणि त्या काळी असं होत असे. त्यांनी कॉलेज सोडलं. केस पुन्हा कधी कापले नाहीत, नुसते टोकाला छाटायचे. कोळशाच्या खाणीत गेले, आणि जिथे कुठे छत कोसळलं तिथे दबलेली माणसं काढायला न बोलावता हजर व्हायचे. जमिनीला कान लावून बसायचे. बाकीचे लोक मोजणी झाली, सगळे निघाले, म्हणून घरी गेले तरी हे म्हणायचे, खाली अजून एक आहे, आणि एकटे खणत राहायचे. बायका त्यांना घाबरायच्या. ते रस्त्याने खाणीकडे जाताना दिसले की आपापल्या माणसाचं नाव घेऊन बाहेर यायच्या.

लग्न उशिरा झालं, मुलगा उशिरा झाला. त्याच्यासाठी एक रीत ठरलेली होती. रविवारी प्रार्थनेहून आलं की मुलाला पलंगावर झोपवायचं, घरातली सगळी पांघरुणं त्याच्या अंगावर रचायची आणि वडिलांनी वर कान टेकून बसायचं. मुलाने आतून शब्द म्हणायचा. म्हटला रे म्हटला की वडील सगळी पांघरुणं एका झटक्यात उचलायचे.

"तुमची आई काही म्हणत नसे?"

"स्वयंपाकघरात भांडी आपटायची." डॉब्स थोडं हसले. मग म्हणाले, "मी कधीकधी मुद्दाम उशीर करायचो. पोर होतो. एकदा असाच गप्प पडून राहिलो, तर मी म्हणायच्या आधी कुणीतरी म्हटलं. माझ्या शेजारून. वडिलांनी पांघरुणं काढली, माझ्याकडे बघितलं, शाब्बास म्हणाले. तो मी नव्हतो, हे मी त्यांना सांगितलं नाही."

स्वयंपाकघरात चांगलं ऊन होतं. हीटिंगने मला घाम आला होता, आणि तरी मी कॉफीचा गरम कप दोन्ही हातांत धरला.

वडील वारले तेव्हा डॉब्स इथे छावणीत होते. शेवटच्या घटकेला वडिलांनी शब्द म्हटला असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. खोलीत एक नर्स होती. तिला काय कळणार. तिने उलट पांघरूण नीट ओढून घेतलं असेल. "आता वडील आणि तो पोरगा, दोघंही आहेत खाली," डॉब्स म्हणाले. "आणि माझीही वेळ येईल. मरायचं मला काही वाटत नाही. पण मी म्हणेन आणि कुणी उचलणार नाही, असं नको. हानेलोरे असती तर उचललं असतं. तू वरच राहतोस. उचलशील?"

म्हाताऱ्या माणसाला म्हणतो तसं मी हो म्हटलं. आणि जिना चढताना लक्षात आलं की हे असं हो म्हणून विसरता येण्यातलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई नांदेडहून आल्या. विमानात जेवढं सामान चालतं त्यातलं निम्मं वजन एका गोधडीचं होतं. इथल्या पिसांच्या पांघरुणावर त्यांचा विश्वास नव्हता. "अंगावर काही आहे असं वाटतच नाही, संदीपराव. झोप कशी लागायची?" आठवडाभरात त्यांचं आणि डॉब्सचं जमलं. भाषा एकही सामाईक नाही. आई खाली जाऊन मटार सोलत बसायच्या, डॉब्स समोर बसून सोलू लागायचे. आई मराठीत सगळ्या भावकीची हकिगत सांगायच्या आणि ते "जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणायचे. वर आल्यावर आई म्हणायच्या, "डॉब्सबाबा भला माणूस आहे. पण नीट झोपत नाही. डोळ्यांवरून कळतं."

डॉब्सना ताप आला त्या दिवशी मी ऑफिसातून घरी येतो तो सुजाता दारातच. "अरे, आईने गोधडी नेलीय खाली. त्यांच्या अंगावर घालायला. मी कणीक मळत होते, मला कळेपर्यंत गेली."

मी जिना अक्षरशः उड्या मारत उतरलो. डॉब्स पलंगावर उताणे पडले होते. अंगावर ती जडशीळ गोधडी, हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे उघडे, आणि हालचाल नाही. उशाशी आई पंख्यासारखा पदर हलवत होत्या. डॉब्सनी नजर माझ्याकडे वळवली. "हे कशाचं आहे?" त्यांनी विचारलं. "यात माणसं आहेत."

मी आईंना विचारलं. आई खुषीत आल्या. गोधडीवर बोट ठेवत सांगू लागल्या. "हे वरचं सासूबाईंचं लुगडं. हा ह्यांचा शाळेत जायचा सदरा. हे हिरवं वन्संचं. किसनभाऊजींचं धोतर मधल्या थरात आहे. माणूस गेलं की कपडा टाकायचा नाही, गोधडीत घालायचा. म्हणजे थंडीत अंगावर आपलं माणूस असतं."

मी जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं की काय, असं अजूनही वाटतं. डॉब्सचा चेहरा पांढरा पडला. "सगळे मेलेले," ते म्हणाले. "आणि सगळे माझ्यावर."

"काय म्हणतात?" आईंनी विचारलं. तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून आईंना सगळं सांगितलं. तांबड्या केसांचा मुलगा, शब्द, खाणी, पांघरुणं, सगळं. आईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "मग? ही आमची माणसं आहेत. उठा म्हटलं की उठतात. कुणाच्या उरावर बसून राहणारी नव्हेत. सांगा त्यांना."

मी सांगितलं. डॉब्स म्हणाले, "तिला म्हण, मी आता शब्द म्हणतो."

"म्हणा म्हणावं."

"डाउन," डॉब्स म्हणाले.

"उठा सासूबाई," आई म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात. "उठा हो. वन्सं, उठा. त्यांना मोकळं होऊ द्या." आणि दोन्ही हातांनी गोधडी उचलून बाजूला केली.

डॉब्सनी असा श्वास घेतला की पलंग करकरला. मग म्हणाले, "पुन्हा." आईंनी पुन्हा घातली, त्यांनी पुन्हा म्हटलं, आईंनी पुन्हा सगळ्यांना उठवलं. त्या संध्याकाळी हे कितीदा झालं मला आठवत नाही. शेवटी ते गोधडीखालीच झोपले, आणि आई मला म्हणाल्या, "राहू द्या आता ही इथेच." परत जाताना त्यांनी ती नेली नाही. जाताना मला मात्र बजावलं, "ओढून काढायची नाही हं. आधी नावाने उठवायचं. तुम्ही जावई आहात, तुमचा मान ठेवतील."

त्यानंतर डॉब्स तीन-चार हिवाळे जगले, आणि गोधडीखाली झोपत राहिले. हीटिंग कमी झालं. पण गादीवर ते नेहमी एका कडेला झोपायचे, दुसरी कड मोकळी ठेवून. मी एकदा म्हणालो, मधे झोपा की आरामात. ते म्हणाले, "जागा लागते."

शेवटच्या नोव्हेंबरात त्यांची तब्येत ढासळली. हॉस्पिटलमध्ये राहायला त्यांनी नकार दिला, तेव्हा घरातच खाली-वर होणारा पलंग आला आणि रोज नर्स येऊ लागली. त्या रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा ती बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती. म्हणाली, सकाळपासून काही बोलले नाहीत, थंडी वाजते म्हणून स्वतःच तोंडावरून पांघरूण घेतलंय, मी काढलं तर पुन्हा घेतात.

मी आत गेलो. खिडकीतून करडा उजेड येत होता. पलंगावर नुसती गोधडी दिसत होती, आणि तिच्याखाली एका माणसाच्या मानाने उंचवटा मला मोठा वाटला. मी म्हणालो, "हेर डॉब्स, मी आहे, संदीप." उत्तर नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि, लाज कशाला वाटून घ्यायची, गोधडीला कान लावला. सासूबाईंच्या सासूबाईंचं लुगडं गालाला खरखरीत लागलं. आत श्वास चालू होता. मला तो कधी एकाचा वाटला, कधी मागेपुढे चालणारा. मी किती वेळ तसा बसलो कोण जाणे. मग शब्द आला.

आवाज बारीक होता. आजारी माणसाचा बारीकच असणार. तरुणही वाटला, पण पांघरुणाआडून आवाज बदलतो, हे मला कबड्डीपासून माहीत आहे.

मी उभा राहिलो. "उठा आजी," मी म्हणालो. "बाबा, उठा. आत्याबाई, किसनकाका, उठा आता. त्यांना मोकळं होऊ द्या." मग गोधडी दोन्ही हातांनी उचलली. ती एवढी हलकी मला कधीच लागली नव्हती.

डॉब्स कुशीवर होते, पलंगाच्या अगदी कडेला, गुडघे पोटाशी. डावा हात पुढे गोल धरलेला, जशी एखाद्याच्या कंबरेला मिठी घालावी. मिठीत कुणी नव्हतं. गादी तिथे खोल दबलेली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण चेहरा जागा होता, ते ऐकत होते. मग तो हात हळूहळू सैल झाला, बोटं उघडली, आणि हात त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला. दबलेली गादी वर आली.

त्यांनी डोळे उघडले. आधी गादीकडे बघितलं, मैदानावर गवताकडे बघायचे तसं. मग माझ्या मागे, दाराकडे. त्यांची नजर सावकाश सरकत होती, चालणाऱ्या माणसाबरोबर सरकते तशी.

"लेअर," ते म्हणाले.

मी दाराच्या वाटेत उभा होतो. का ते सांगता येणार नाही, पण गोधडी छातीशी धरून मी बाजूला झालो. उघड्या दारातून मला पॅसेज दिसत होता. नर्सने हातातली डबी मांडीवर ठेवली, पाय आत घेतले आणि भिंतीला टेकून कुणालातरी जायला जागा दिली. नंतर मी तिला विचारलं, तर म्हणाली, मला वाटलं तुम्हीच बाहेर येताय.